धुतलेली क्रश सँड: वाळू चांगली, पण गाळाचे काय?

जुळे सोलापुरात आम्ही गेल्या दिवाळीनंतर घराचे बांधकाम काढले. सिमेंट, सळई आणि विटा यांच्या दरांची चौकशी करण्यात मी जवळपास महिना घालवला. वाळूचा विषय मात्र एका दुपारीच मिटला, कारण ठेकेदारापासून शेजाऱ्यापर्यंत ज्याला विचारावे तो ‘धुतलेली क्रश सँड घ्या’, म्हणजे दगड फोडून केलेली आणि पाण्याने धुतलेली वाळू घ्या, एवढेच सांगत होता. आता दोन्ही स्लॅब, भिंती आणि बाहेरचा गिलावा पूर्ण झाल्यावर, दोन पुरवठादारांकडून मिळून घेतलेल्या एकवीस ब्रास वाळूविषयी सविस्तर लिहितो आहे. दोघांचीही नावे देत नाही. पहिल्याविषयी तक्रार आहे आणि त्याची बाजू मांडायला तो येथे नाही. दुसऱ्याचे नाव दिले तर ती जाहिरात ठरेल. मी आयुष्यभर सहकारी संस्थांची लेखापरीक्षणे केली, त्यामुळे बिलात जे दिसत नाही त्याच्याकडे माझे लक्ष आधी जाते. ही सवय येथेही आडवी आली आणि वाळूच्या परीक्षणात खाणीच्या गाळाने निम्मी जागा घेतली.

माझ्या वडिलांनी बांधलेल्या जुन्या घरात भीमेची वाळू होती. ती आता सरळ मार्गाने आणि वेळेवर मिळणे किती कठीण झाले आहे, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पर्याय म्हणून जे आले ते आपल्याच पायाखालचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेला काळा पाषाण आपल्या जिल्ह्यात पातळ माती आणि मुरुमाच्या थराखाली सर्वत्र पसरलेला आहे. तो सुरुंगाने फोडायचा, त्याचे डबर, म्हणजे मोठे तुकडे, जबड्याच्या क्रशरमध्ये टाकायचे, पुढे कोन क्रशरमधून खडी काढायची आणि शेवटी व्हीएसआय नावाच्या यंत्रात दगडावर दगड आपटून त्याचे कण गोलसर करायचे, अशी ही वाळू तयार होते. व्हीएसआयची पायरी गाळून नुसती चाळणीखालची कच ‘क्रश सँड’ म्हणून विकणारेही आहेत. कण चपटा आणि सुईसारखा लांब दिसला, तर ती कच समजावी.

धुण्याची गरज का पडते, हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. दगड फुटताना वाळूबरोबर पिठासारखी बारीक भुकटीही तयार होते. काँक्रीटच्या खडी-वाळूसाठी असलेल्या आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांवर मर्यादा घातलेली आहे. नदीच्या वाळूत असे कण वजनाने ३ टक्क्यांपर्यंत चालतात, तर दगड फोडून केलेल्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत. फरक मोठा आहे आणि त्याला कारणही आहे. नदीच्या वाळूतील बारीक भाग बहुधा चिकणमातीचा असतो आणि तो सिमेंटला दगडाशी चिकटू देत नाही. फोडलेल्या दगडाची भुकटी स्वच्छ असेल तर तितका त्रास देत नाही. तरीही ती जास्त झाली की मिश्रण पाणी पिते, मिस्त्री पाणी वाढवतात आणि स्लॅबला केसासारख्या भेगा जातात. म्हणून पाण्याने धुऊन ही भुकटी काढून टाकतात. वाळू घरी येते आणि भुकटी पाण्याबरोबर कारखान्याच्या मागच्या बाजूला जाते.

गुणवत्तेच्या बाबतीत मला तक्रार करण्यासारखे फारसे सापडले नाही. पहिल्या पुरवठादाराचा पहिला हायवा, म्हणजे मोठा डंपर, उतरवल्यावर मी घरातील लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, तिसरा हिस्सा वाळू भरली, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून ती खळखळून हलवली आणि तीन तास खिडकीत ठेवली. खाली वाळू बसली, तिच्यावर राखाडी रंगाची नखाएवढी साय आली आणि वरचे पाणी नितळ झाले. ही कसोटी आकारमानाची आहे आणि मानकातील मर्यादा वजनाची आहे, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. पण दोन खेपांमधला फरक या बरणीइतका स्वस्तात दुसरे काही दाखवत नाही. आमच्या मिस्त्रींनी मूठभर वाळू दाबून सोडली आणि ते म्हणाले, “मालक, हाताला टोचती ही वाळू, पण काँक्रीट झकास धरती.” त्यांचे म्हणणे खरे ठरले. स्लॅबला अडचण आली नाही, चौकोनी ठोकळ्यांची अठ्ठावीस दिवसांची चाचणी व्यवस्थित उतरली आणि नदीच्या वाळूतून निघणारे शिंपले, मुळ्या, प्लास्टिकचे तुकडे चाळत बसण्याचा त्रास वाचला. गिलाव्याला मात्र हीच वाळू वापरू नये. त्यासाठी २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली वेगळी ‘प्लास्टर सँड’ मिळते आणि तीच घ्यावी. आम्ही एका भिंतीवर कंजूषपणा केला आणि ती भिंत आजही खवल्यासारखी दिसते.

मापाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण येथे बहुतेक गिऱ्हाइके फसतात आणि यात कोणी चोरी केलेलीही नसते. वाळू ब्रासवर विकली जाते आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आमच्या दारी आलेल्या गाडीचा हौद मी फितीने मोजला. लांबी १४ फूट, रुंदी साडेसात फूट आणि सारखी केल्यावर उंची ४ फूट, म्हणजे ४२० घनफूट किंवा ४.२ ब्रास. बिलही तितक्याचेच होते. परंतु धुतलेली वाळू ओली येते आणि दमट वाळू फुगते, कारण कणाकणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात. सरळ कडेच्या बरणीत ही वाळू १५ सेंटिमीटरपर्यंत भरून मी तिच्यावर भरपूर पाणी ओतले आणि ढवळून बसू दिली, तेव्हा ती साडेबारा सेंटिमीटरवर आली. म्हणजे फुगवटा २० टक्के होता आणि ४.२ ब्रासचे पैसे देऊन मला कोरडी वाळू साडेतीन ब्रास मिळाली होती. पुरवठादाराच्या दिवाणजींना हे फोनवर सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “साहेब, पाणी आम्ही फुकट देतो.” विनोद चांगला होता, दरात काही फरक पडला नाही. दुसऱ्या पुरवठादाराने हीच गोष्ट पहिल्याच भेटीत आपण होऊन सांगितली आणि दोन दिवस ढिगावर निथळलेली वाळू पाठवण्याचे कबूल केले. त्याचा दर ब्रासमागे पाचशे रुपयांनी जास्त होता, पण हिशेब केल्यावर तो फरक बराचसा नाहीसा झाला.

कागदपत्रांबाबत पहिल्या पुरवठादाराची सेवा खराब होती, असे स्पष्ट लिहिले पाहिजे. पहिली गाडी रात्री अकराला आली आणि चालकाजवळ वाहतूक परवाना नव्हता. राज्य शासनाच्या ‘महाखनिज’ या ऑनलाइन प्रणालीतून निघणाऱ्या या परवान्यावर गाडीचा क्रमांक, खनिजाचा प्रकार, परिमाण आणि वेळ लिहिलेली असते. तो नसेल तर त्या गाडीतील दगडाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) शासनाकडे भरले आहे की नाही, हे कळण्याचा दुसरा मार्ग गिऱ्हाइकाजवळ नसतो. “मागून पाठवतो” असे सांगून दिवाणजींनी दुसऱ्या दिवशी जो परवाना पाठवला, तो ३ ब्रासचा होता. उरलेले १.२ ब्रास कोणत्या खात्यात गेले, हे मी विचारले. उत्तर मिळाले नाही. राज्य शासनाने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण आणून या वाळूवरील स्वामित्वधन ब्रासमागे ६०० रुपयांवरून २०० रुपयांवर आणण्याची सवलत देऊ केली आहे. नदीचे पात्र वाचावे हा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण स्वस्त झालेली वाळू अधिक फोडली जाईल आणि अधिक धुतली जाईल, हेही तितकेच उघड आहे.

पहिल्या पुरवठादाराच्या तिसऱ्या खेपेत मला वाळूत लिंबाएवढे राखाडी गोळे सापडले. चिमटीत धरले की त्यांचे पीठ होत होते. धुण्याची टाकी नीट चालत नाही, अशी शंका आली, म्हणून एका रविवारी मी गाडी काढून त्या पुरवठादाराच्या क्रशरवर गेलो. सोलापूरपासून तो वीसेक किलोमीटरवर आहे. त्याहून अधिक तपशील देत नाही.

समोरच्या बाजूला सगळे जेथल्या तेथे होते. खडीचे ढीग आकारानुसार लावलेले होते, पत्र्याचे आडोसे होते, वजनकाट्यावर दिवाणजींचे कार्यालय होते आणि तेथे चहाही मिळाला. मागे मात्र धुण्याच्या यंत्रातून निघालेले पाणी मुरुमात खोदलेल्या एका खड्ड्यात येत होते आणि खड्डा केव्हाच भरून गेल्यामुळे जास्त दुधाच्या चहासारखे ते पाणी काठावरून वाहत शेजारच्या ओढ्याला मिळत होते. पाऊस नव्हता, ओढ्याला स्वतःचे पाणी नव्हते, तरी तो वाहत होता. पुढे शंभर-दीडशे पावलांवर, जेथे गाळ पसरून वाळला होता, तेथे जमीन पापडासारखी तडकलेली होती. मी त्यातील एक खपली उचलली. ताटलीएवढी, बोटभर जाडीची, वरून गुळगुळीत, खालून ओलसर, आणि तिच्याखाली काळी माती जशीच्या तशी झाकलेली होती. त्या संपूर्ण पट्ट्यात गवताची काडी नव्हती. कडेला बांधावर बसलेल्या शेतकरी काकांना मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पावसाळ्यात पाणी मुरतच नाही हो, वरच्यावर पळून जातं. तुरीवर धूळ बसती ती वेगळीच. पण खाणीतलं पाणी आमीच उचलतो उन्हाळ्यात, मग बोलायचं कुणाला?”

त्यांचे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे खाणीचा पाण्याने भरलेला खड्डा ही शेजाऱ्यांना मिळालेली आयती विहीर असते. ओढ्यात गाळ सोडणारा आणि पाणी देणारा एकच असल्यावर तक्रार कोण करणार?

येथे थोडा न्यायही केला पाहिजे. खाणीचा कचरा म्हटले की जे चित्र डोळ्यांसमोर येते, ते या गाळाला लागू होत नाही. धातूंच्या आणि कोळशाच्या अनेक खाणींमध्ये गंधकयुक्त खनिजे असतात. उघड्यावर पडलेल्या चुऱ्यातील या खनिजांना हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते, ते दगडातील जड धातू विरघळवून बाहेर काढते आणि खाण बंद झाल्यानंतरही ही क्रिया शतकानुशतके थांबत नाही. स्पेनमधील रिओ तिंतो नदी हजारो वर्षे चाललेल्या खाणकामानंतर आजही तांबडी आणि आम्लधर्मी वाहते. शेजारच्या कर्नाटकात कोलारच्या सुवर्णखाणी २००१ मध्ये बंद झाल्या, पण सायनाइड वापरून सोने काढून घेतल्यावर उरलेल्या चुऱ्याच्या टेकड्या, ३ कोटी टनांहून अधिक, आजही वस्तीला लागून उभ्या आहेत आणि वारा सुटला की त्यांची भुकटी घरांत येते. आपल्या काळ्या पाषाणात असे आम्ल होण्याजोगे काही विशेष नसते. मोकळी सिलिकाही ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मापेक्षा कमी असते. तेव्हा हा गाळ विषारी आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याचा अपाय साधा आहे. तो मातीची छिद्रे बुजवतो, ओढ्याचा तळ लिंपतो, विहिरीचे झरे बंद करतो, आणि दगडच असल्यामुळे तो कुजून नाहीसा होत नाही. एकदा शेतावर बसलेला थर खरवडून काढल्याशिवाय जात नाही आणि खरवडण्याचा खर्च शेतकऱ्याचा असतो.

निरुपद्रवी समजल्या गेलेल्या ढिगाने काय होऊ शकते, याचा एक दाखला मात्र सांगण्याजोगा आहे. वेल्समधील अबरफान गावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीच्या टाकाऊ दगड-मातीचा ढीग पावसाने आणि खालच्या झऱ्याने भिजून घसरला आणि शाळेवर आला. १४४ माणसे गेली, त्यांपैकी ११६ मुले होती. त्या ढिगातही विष नव्हते. तो ओला होता आणि चुकीच्या जागी रचलेला होता. त्यानंतर ब्रिटनने १९६९ मध्ये ढिगांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यात कोळशाबरोबर दगडखाणींचेही ढीग घेतले. युरोपीय संघाच्या २००६ च्या खाणकचरा निर्देशातही दगडखाणी येतात. उत्खननातून निघणाऱ्या कचऱ्याचे काय करणार, याचा आराखडा खाणचालकाने आधी द्यायचा आणि दर पाच वर्षांनी तो तपासून घ्यायचा, अशी त्यात तरतूद आहे. ब्राझीलमध्ये २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्यो येथील लोहखाणीच्या गाळाचा बांध फुटून २७० माणसे गेली, तेव्हा कोठे जगातील अनेक मोठ्या खाणकंपन्यांनी २०२० मध्ये गाळाच्या बांधांसाठी एक सामायिक मानक स्वीकारले. माणसे गेल्यावर नियम येतात, हा क्रम सगळीकडे सारखाच दिसतो.

आपल्याकडे नियम नाहीत, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात बांधकामाचा दगड, खडी, साधी वाळू यांना ‘गौण खनिज’ म्हटले आहे आणि कलम १५ नुसार त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. महाराष्ट्राचे नियम २०१३ चे आहेत. लोह, बॉक्साइट अशा प्रमुख खनिजांच्या खाणींना २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी हेक्टरी हमीची रक्कम द्यावी लागते, पण त्या नियमांतून गौण खनिजे वगळलेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणातील निर्णयात पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. त्याआधी लहान तुकडे पाडून मंजुरी टाळण्याची सोय होती. क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतील धूलिकण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत, असे मानक आहे. नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाहीत. दुधाळ चहासारखे पाणी या मर्यादेत बसणार नाही, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

माझ्या मते फट आहे ती वेगळ्या ठिकाणी. पाणी वाहते आहे तोवर ते सांडपाणी असते आणि त्याला आकडा लागू होतो. ते पाणी आटून गाळ वाळला की तो घातक कचऱ्यात बसत नाही, शहरी घनकचऱ्यात बसत नाही, बांधकामाच्या राडारोड्यातही बसत नाही. खाणीच्या मंजुरीत खड्ड्याचा विचार असतो आणि क्रशरच्या संमतीत धुळीचा. धुण्याचे यंत्र या दोहोंच्या मध्ये, पुष्कळदा नंतर बसवलेले असते. नावातले ‘गौण’ येथे फार काम करते. लेखापरीक्षणात आम्ही ‘किरकोळ’ हे खाते आधी उघडायचो, कारण संस्थेचे खरे दुखणे तेथेच सापडायचे.

दुसऱ्या पुरवठादाराकडे जाण्याचे कारण ही भेट होती. त्याच्याकडे मी वाळू पाहण्याआधी मागची बाजू दाखवा, असे सांगितले. त्याला आश्चर्य वाटले, पण त्याने दाखवली. धुण्याचे पाणी काँक्रीटच्या तीन टाक्यांतून एकापाठोपाठ जाते, पहिल्या टाकीत जड गाळ बसतो, तिसरीतून जवळपास नितळ पाणी पंपाने परत यंत्राकडे येते. पहिली टाकी जेसीबीने दर काही दिवसांनी उपसतात आणि तो गाळ खाणीच्या दगड संपलेल्या कोपऱ्यात टाकतात. त्या कोपऱ्याभोवती डबराचा बांध घातला आहे. खाण उघडताना काढलेली काळी माती आणि मुरूम यांचे वेगवेगळे ढीग त्याने जपून ठेवले आहेत. गाळाचा थर बसला की वर मुरूम आणि त्यावर माती, असा त्याचा बेत आहे. एका तुकड्यावर ते झालेले मी पाहिले. गवत आले होते, दोन-चार कडुनिंबाची रोपे धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवण्याची अट खाणपट्ट्यांत घालण्यास सांगितले आहे, ते त्याला ठाऊक होते की नाही, मी विचारले नाही.

तरी त्याच्याकडे सगळे आदर्श होते, असे नाही. ताजा गाळ टाकलेला कोपरा वरून वाळलेला दिसतो आणि आत दलदल असते. मी काठी रोवून पाहिली, तर हातभर काठी सहज आत गेली. अशा ठिकाणी गुरे किंवा मुले उतरली तर अडकतील. त्याने फक्त एक पत्र्याची पाटी लावली होती आणि तीही रस्त्याच्या बाजूला, वस्तीच्या बाजूला नाही. कुंपण घाला, असे सांगितल्यावर तो म्हणाला, “करतो सर, तार आणलीच आहे.” तारेची भेंडोळी खरोखरच पडलेली होती, गंजायला लागलेली. खाणीची मुरुमाची वरची कडा त्याने टप्पे पाडून ठेवली होती, जे पहिल्या ठिकाणी अजिबात नव्हते. मुरुमासारख्या भुसभुशीत थरात कडेचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नसावा किंवा दीड मीटरपेक्षा उंच टप्पे नसावेत, असे धातुखाणींच्या १९६१ च्या विनियमांत आहे. सुरुंग वापरला की लहान दगडखाणीची खाण कायद्यातील सूटही जाते, त्यामुळे हा नियम सोलापूरच्या बहुतेक काळ्या दगडाच्या खाणींना लागू पडावा.

त्याच्या वाळूविषयी वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे. बरणीतील साय पहिल्यापेक्षा पातळ होती आणि सर्व खेपांत सारखी होती. परवाना प्रत्येक गाडीबरोबर आला आणि बिलातील परिमाणाशी जुळला. गाड्यांवर ताडपत्री होती. वेळ मात्र तो पाळत नाही. दुसऱ्या स्लॅबच्या आदल्या दिवशी येणारी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आली आणि सेंट्रिंगवाले, मिक्सरवाले आणि चौदा मजूर तोवर शेंगाचटणी-भाकरी खाऊन परत भुकेजले होते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी स्लॅब उरकायचा आमचा बेत त्यामुळे फसता फसता वाचला.

गुणच द्यायचे तर पहिल्या पुरवठादाराच्या वाळूला पाचपैकी साडेतीन, सेवेला दोन आणि मागच्या बाजूला शून्य. दुसऱ्याच्या वाळूला साडेचार, सेवेला वेळेमुळे तीन आणि मागच्या बाजूला तीन. कुंपण घातले असते तर चार दिले असते. दुसऱ्याला ब्रासमागे जे पाचशे रुपये जास्त दिले, त्यातले किती निथळण्याचे आणि किती टाक्यांचे, हे त्यालाही सांगता आले नाही. मला मात्र हा दर खरा वाटतो आणि पहिल्याचा दर अपुरा, कारण त्यातील उरलेली रक्कम तो बांधावर बसलेला शेतकरी भरतो आहे. खाण व खनिज कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले आणि गौण खनिजांवरही त्यासाठी रक्कम घेण्याचा अधिकार कलम १५अ ने राज्यांना दिला. त्या निधीतून खाणबाधित गावांत अशा गाळाचे थर काढून देण्याचे काम घेता येईल, असे मला वाटते. ग्रामसभेने मागणी केली तरच ते होईल, हेही तितकेच खरे.

वाळू घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की नमुना मागताना मागची बाजूही पाहायला जावे. तासाभराचे काम असते. गाळाचे पाणी परत यंत्राकडे येते की ओढ्याला जाते, हे नजरेने कळते. खाणीवरची माती राखून ठेवली आहे की खडीबरोबर विकून टाकली आहे, हेही कळते. गाडीचा परवाना वाळू उतरवण्याआधी पाहावा, नंतर नाही. आणि बरणी बरोबर न्यावी.

त्या ओढ्यातून आणलेली खपली मी खिडकीत ठेवली होती. परवा पावसाची झड आत आली आणि ती विरघळून खिडकीच्या शहाबादी फरशीवर राखाडी ओघळ उतरला. तीनदा पुसूनही भेगांत बसलेला निघत नाही. आतल्या खोल्यांचा गिलावा अजून राहिला आहे. त्यासाठी याच दुसऱ्या पुरवठादाराकडे तीन ब्रास प्लास्टर सँड सांगितली आहे; टाक्या उपसायचे काम चालू असल्याने आठ दिवस लागतील, असे तो म्हणतो, आणि मी थांबायचे ठरवले आहे.